वैरागडे साहेबांचा होकार

माझ्या नवऱ्याने संसारात माझं एकही म्हणणं पहिल्या झटक्यात मान्य केलं नाही. पंखा किती नंबरवर ठेवायचा इथपासून देव आहे की नाही इथपर्यंत, प्रत्येक गोष्टीत त्यांचं एक 'छे!' ठरलेलं. आम्हांला मूलबाळ नाही. त्यामुळे भांडायला घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही त्यात तरबेज.

सगळ्यात जुना वाद सांभारवडीचा. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. सांभाराचं सारण भरून तळलेली ती वडी माझ्या आईच्या हातचीच खरी, असं माझं म्हणणं. ह्यांचं म्हणणं, 'छे! आमच्या आईच्या वडीच्या पासंगालाही पुरणार नाही.' दोघीही माउल्या केव्हाच देवाघरी गेल्या, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेला वाद चालूच राहिला. मला तो संपायला नकोच होता.

हे म्हणजे किशोर वैरागडे, भूजल खात्यातले निवृत्त भूवैज्ञानिक. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. ह्यांनी सगळी नोकरी या एका तालुक्याचे खडक तपासण्यात घालवली. बढतीची बदली आली की नाकारायचे. कुठल्या गावची कुठली बोअर कुठल्या थरातून पाणी ओढते, हे त्यांना आमच्या नातेवाइकांच्या नावांपेक्षा चांगलं पाठ होतं. पाऊस कमी होत गेला तशा बोअर खोल जात गेल्या आणि जुन्या खडकाला भिडल्या. त्या खडकात फ्लोराइड आहे. ते पाण्याला ना चव देतं ना वास. आधी पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि मग हाडं वाकतात.

ह्यांनी केलेला बोअरचा नकाशा खात्याच्या संकेतस्थळावर होता, कुणालाही बघता यायचा. नव्या नळयोजनेचं उद्घाटन झालं आणि नकाशा गायब झाला. गावोगाव पाट्या लागल्या, 'येथील पाणी पिण्यास योग्य आहे.' योजनेला पाणी त्याच बोअरचं होतं. ह्यांनी अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली, त्यांची पोचही आली नाही. मग एका बाजाराच्या दिवशी हे स्टीलच्या पेल्यात नळाचं पाणी घेऊन तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांशी जाऊन उभे राहिले.

ना घोषणा, ना फलक. आत जाणाऱ्या प्रत्येक साहेबापुढे पेला धरायचा आणि म्हणायचं, "घ्या, पाणी घ्या."

आपल्याकडे समोर धरलेलं पाणी कुणी नाकारत नाही. तहान नसली तरी एक घोट घेतात, नाही तर देणाऱ्याला लागतं. पण एकाही साहेबाने तो पेला घेतला नाही. दर बाजाराला हे उभे, आणि दर बाजाराला पेला भरलेलाच परत. बाजारातली माणसं भाजी घ्यायची सोडून ते बघायला थांबू लागली. पाणी नाकारणारा साहेब सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला, मग आणखी पुराव्याची गरज उरली नाही. शेवटी ह्यांना उचललं. आरोप काय, तर सार्वजनिक भीती पसरवणे. न्यायालयात हे म्हणाले, "मी फक्त पाणी पाजत होतो." शिक्षा झाली.

तुरुंगात उन्हाळ्यात ह्यांची तब्येत ढासळली, तेव्हा सरकारने एक सवलत देऊ केली. घरी जा, पण संयमक बसवून.

संयमक समजून घ्यायला फार शिकलेलं असावं लागत नाही. आपल्या मनात पक्की असलेली गोष्ट आणि कानावर आलेली गोष्ट यांचा मेळ बसला नाही, की मेंदूच्या पुढच्या भागात मधोमध एक विजेची ठिणगी उडते. आपल्याला हे पटत नाहीय, हे आपल्याला कळायच्याही आधी. ही ठिणगी शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होती. पुढे ती कवटीखाली सोडलेल्या बारीक तारेने पकडता येऊ लागली. आधी तिचा उपयोग चांगल्याच कामाला झाला, रागाच्या भरात स्वतःला इजा करून घेणाऱ्या रुग्णांसाठी. ठिणगी ठरावीक पातळीच्या वर गेली, की गळ्याजवळच्या हाडाखाली बसवलेली चकती मेंदूला एक झटका पाठवते आणि बोलणं, हातवारे, मान हलवणं, लिहिणं, सगळं काही क्षण ठप्प होतं. घरातला एमसीबी पडतो तसं. मनात विरोध धरून स्वतःहून काही बोलायला-लिहायला गेलं तरी तेच. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हे राजकीय कैद्यांनाही बसवता येईल.

चकतीला कानही होता. आजूबाजूला कुणी सरकारविरुद्ध बोललं, की नोंद व्हायची आणि बोलणाऱ्यावर गुन्हा. आमच्या दारावर तशी पाटीच ठोकून गेले.

बसवणारा डॉक्टर स्वप्नील मोहरील हा माझाच विद्यार्थी निघाला. विजेच्या प्रकरणात पैकीच्या पैकी घेणारा. माझ्यापुढे मान खाली घालून म्हणाला, "बाई, तुरुंगापेक्षा हे बरं. सर घरी राहतील."

मला पटलं. खरं सांगायचं तर ह्यांनी घरी यावं म्हणून मी कशालाही कबूल झाले असते.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी सांभारवडी केली आणि वाढता वाढता सवयीने बोलून गेले, "काही म्हणा, माझ्या आईच्या वडीची सर कशालाच नाही."

ह्यांचा हात ताटाशी थांबला. डोळे माझ्यावर रोखलेले, ओठ जरासे उघडे, आणि सगळा माणूस जिथल्या तिथे. मी घाबरून त्यांचा खांदा हलवला. काही क्षणांनी ते सुटले, दम खाल्ला आणि वडी तोंडात टाकून गालात हसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना 'छे!' म्हणायचं होतं. यंत्राने त्यांचं 'छे' बंद केलं नव्हतं, फक्त त्याचा आवाज काढून घेतला होता.

मग काय, आम्ही पुन्हा भांडायला लागलो. मी बोलायची, पटलं तर हे "हो" म्हणायचे, नाही पटलं तर थांबायचे. मी त्यांच्या थांबण्यावरून उरलेलं वाक्य ओळखायची. मला तर फार आनंद झाला होता. माझा नवरा मला परत मिळाला, असं मी देवाला सांगितलं. त्या देवाच्या असण्याबद्दलही हे तिथेच बसून थांबले.

एके सकाळी हिवरटोला नावाच्या पाड्यावरच्या सिंधूबाई मडावी आल्या. सोबत नात, तिचे पाय गुडघ्यांत वाकलेले. सिंधूबाईंनी दारावरची पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली होती, आणि न पटलं की साहेब थांबतात, हेही त्यांच्या कानावर गेलं होतं. मी दिलेलं पाणी त्यांनी आधी निरखून पाहिलं.

"पावसाचं साठवलेलं आहे," मी म्हणाले. मग त्या ते प्यायल्या. आणि ह्यांच्यासमोर बसून सरकारचं कौतुक सुरू केलं.

"साहेब, आमच्या टोल्यात सरकारनं लय चांगलं काम केलं. देवळापासची बोअर हाय नं, तिचं पानी एकदम चांगलं हाय."

"हो," हे म्हणाले.

"अन् शाळेमांगची बोअर. तिचंबी पानी चांगलंच हाय."

हे थांबले. असे थांबले, की मला त्यांच्या छातीवर हात ठेवून बघावं लागलं. सिंधूबाई टक लावून पाहत राहिल्या. मग त्यांनी नातीला उचलून कडेवर घेतलं, ह्यांच्या पायाला हात लावला आणि निघून गेल्या. हिवरटोल्यात शाळेमागच्या बोअरवरच्या हातपंपाचा दांडा गावाने काढून टाकला, असं नंतर कानावर आलं.

त्यानंतर आमच्या ओसरीवर माणसं यायला लागली. येणारा प्रत्येक जण आपापल्या गावच्या पाण्याची स्तुती करायचा. ह्या बोअरचं गोड, त्या बोअरचं अमृत. हे एक तर "हो" म्हणायचे, नाही तर थांबायचे, आणि माणसं काय ते समजून उठायची. चकतीच्या कानाला आमच्या घरात सरकारच्या कौतुकाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. कागदोपत्री आमच्या घरासारखं सरकारवर खूश घर तालुक्यात दुसरं नसेल. मी शेजारी बसून असायची, पाण्याचा तांब्या घेऊन. मनातल्या मनात मला सरकारची चांगलीच जिरवल्यासारखं वाटायचं.

पण ह्यांचं थांबणं दिवसेंदिवस लांबत गेलं. आधी ओठ पांढरे पडायचे, मग निळे पडू लागले. तपासणीला आलेल्या स्वप्नीलने चकतीतली नोंद पाहिली आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"बाई, हा झटका आता श्वासाच्या केंद्रापर्यंत पसरतोय. विरोध जितका जोराचा, तितका श्वास जास्त वेळ बंद. एखाद्या दिवशी तो परत सुरूच होणार नाही. सरांना कुठलीही न पटणारी गोष्ट ऐकवू नका."

"अरे, त्यांना पटतं काय?" मी म्हणाले. मला हसायचं होतं, रडू आलं.

तो गेल्यावर मी ह्यांच्यापुढे जाऊन बसले. शब्द जपून जुळवले आणि म्हणाले, "उद्यापासून दार बंद. कुणालाही आत घ्यायचं नाही. आपण दोघांनीच राहायचं. हेच बरोबर आहे, नं?"

हे थांबले.

मी वाट पाहिली. त्यांच्या गळ्याची शीर ताठली, ओठांचा रंग गेला. सुटले तेव्हा घामाने निथळत होते.

"म्हणजे तुम्हाला मरायचंच आहे!" मी ओरडले. ते पुन्हा थांबले. तेही त्यांना मान्य नव्हतं. जगायचंही होतं आणि दारही उघडंच ठेवायचं होतं. मग मी तोंड मिटून घेतलं, कारण माझं एकेक वाक्य त्यांचा श्वास खात होतं. दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं. मला त्यांचा इतका राग आला होता, की चहात साखर घालायलाही विसरले.

हे असं किती दिवस चाललं असतं, कोण जाणे. वर कुणाच्या तरी लक्षात आलं, की या कैद्यासमोर दिवसभर सरकारची स्तुती होते आणि दिवसभर त्याचा संयमक पडतो. एका दुपारी गाडी आली आणि ह्यांना घेऊन गेली. काही दिवसांनी परत आणून सोडलं. स्वप्नील सोबत होता. माझ्या नजरेला नजर देईना. "नवीन आवृत्ती घातलीय, बाई. आता झटका नाही. श्वासाला काही धोका नाही," इतकंच म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

ह्यांच्या चेहऱ्यावर तजेला होता. भूक चांगली लागायची, दुपारी झोप लागायची. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. मी देवापुढे दिवा लावून त्याचे आभार मानले, तेव्हाही हे थांबले नाहीत, शांतच बसून राहिले. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

पहिल्या आल्या त्या सिंधूबाईच. आनंदात होत्या.

"साहेब, शाळेमांगची बोअर आमी बंद केली होती नं, तिच्याच बाजूले सरकारनं नवी मारून देली. पयल्यापेक्षाबी खोल. तिचं पानी चांगलं हाय."

"हो," हे म्हणाले. लगेच, स्वच्छ आवाजात.

सिंधूबाईंनी दोन्ही हात जोडले. "लय बरं झालं, माय. नातीसाठी दुरून पानी आणा लागत होतं." चहाही न घेता त्या गाडी गाठायला निघाल्या.

मी कपबशा उचलल्या. ओठ निळे झाले नव्हते, श्वास चालू होता, सगळं छान होतं. पण 'पयल्यापेक्षाबी खोल' हे शब्द माझ्या मनातून जाईनात. खोल जाऊ तितकं वाईट, हे ह्यांनी मला जेवताना, झोपताना, लग्नाच्या पंगतीत बसल्यावरसुद्धा ऐकवलेलं. मी कपबशा खाली ठेवल्या आणि ह्यांच्यापुढे येऊन उभी राहिले.

"अहो," मी म्हणाले, "सांभारवडी माझ्या आईचीच चांगली होती. तुमच्या आईला कधी जमलीच नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रेमाने पाहिलं.

"हो," ते म्हणाले.

आमचा जन्माचा वाद मी जिंकले होते. मी खाली बसले आणि त्यांचे गुडघे धरून म्हणाले, "अहो, नाही म्हणा. थांबा तरी. एकदा थांबा." त्यावरही ते "हो" म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवू लागले.

मग मला सिंधूबाई आठवल्या. मी तशीच, चपला न घालता, बस स्टँडकडे धावत सुटले. या वयात बाई धावताना पाहून लोक दुकानांतून बाहेर आले. हिवरटोल्याची गाडी फलाटाला लागली होती आणि सिंधूबाई पायरीवर चढत होत्या. मी त्यांचा पदर धरून त्यांना खाली ओढलं.

"ते पाणी पाजू नका नातीला. साहेबांचा होकार आता खरा नाही. त्यांना काहीतरी केलंय. आता ते सगळ्यालाच हो म्हणतात."

सिंधूबाईंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्या गाडीची दांडी धरून उभ्याच राहिल्या. "मंग आता कोणाले विचाराचं, काकू?"

कंडक्टर बेल मारत होता. सिंधूबाईंनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तुमी तं रोज त्यायच्या बाजूलेच बसून राहत होत्या," त्या म्हणाल्या. "तुमाले तं सारं मायतीच असन."

गाडी गेली तरी मी तिथेच उभी होते. एकेक गाव डोळ्यांपुढे येऊ लागलं. अमक्या गावची वेशीवरची, हे थांबले होते. तमक्या गावची दवाखान्याजवळची, "हो" म्हणाले होते. मी काही पाठ केलं नव्हतं. पण ज्या माणसाचे ओठ निळे होताना पाहिले, ते कुठल्या बोअरच्या नावाला झाले, हे मी विसरणार कशी? त्यांनी श्वास मोडून मला अख्खा तालुका शिकवला होता. शिकवताना मला एकदाही विचारलं नाही, हा त्यांचा जुना स्वभाव.

घरी आले तर स्वप्नील तपासणीसाठी येऊन बसला होता. मी त्याला अंगणात, चकतीच्या कानाबाहेर नेलं आणि सरळ विचारलं, "काय केलंत?"

"आधी ठिणगी उडाल्यावर आपण झटका देत होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "आता ठिणगी उडायच्या आतच विझवतो. मग होकाराची वाट मोकळी राहते."

"म्हणजे त्यांना आतून विरोध वाटतच नाही? की वाटतो आणि बाहेर येत नाही?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, बाई. मोजायची तीच तर एक जागा होती."

"आणि हे काढलं तर?"

"काढता येत नाही. काढायला गेलो तर श्वास जाईल." तो रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं नाही. विद्यार्थी असला तरी दिलं नाही.

त्या आठवड्यात ओसरीवर आलेल्या प्रत्येकाला मी फाटकातूनच परत पाठवलं. "साहेबांचं ऐकू नका," एवढंच सांगायची. पण सगळी माणसं थोडीच फाटकाशी येतात? वैरागडे साहेब आता नव्या बोअरच्या पाण्याला हो म्हणतात, ही बातमी माझ्या आधी गावोगाव पोचली होती. खात्याची माणसं येऊन ह्यांचा फोटोही घेऊन गेली, हातात पाण्याचा पेला दिलेला. "पाणी चांगलं आहे ना, साहेब?" "हो." तो फोटो नव्या पाट्यांवर लागणार, असं कळलं.

बाजाराचा दिवस उजाडला. मी ह्यांना आंघोळ घातली, जेवू घातलं. शेजारच्या शकुंतलाताईंना सांगून ठेवलं, मला यायला उशीर झाला तर, किंवा आलेच नाही तर, ह्यांच्याकडे लक्ष ठेवा. कुणी काही विचारलं तर हे हो म्हणतील, कुणी कुठे चला म्हणालं तर निघतील. त्यांना एकटं सोडू नका. ताईंनी माझा हात घट्ट धरला.

मी फडताळातून ह्यांचा तो स्टीलचा पेला काढला आणि नळाखाली धरून भरला. मला काय होणार ते मला माहीत होतं. मी नुसती पाणी पाजायला उभी राहणार नव्हते, एकेका गावाचं नाव घेऊन बोअर सांगणार होते. दुपारपर्यंत मला उचलतील. मग चकती, आणि तीसुद्धा नवी आवृत्ती. मग या घरात दोन माणसं एकमेकांना दिवसभर हो म्हणत बसतील. ह्यांना मागे टाकून जायची मला भीती वाटत होती.

पेला हातात घेऊन मी त्यांच्या खुर्चीशी गेले.

"अहो, मी जाऊ नये. हेच बरोबर, नं?"

"हो," ते म्हणाले.

"की मी जावं? जायलाच हवं, नं?"

"हो."

दोन्ही वेळा तोच आवाज, तीच प्रेमाची नजर. मी त्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले, शिरेचा एखादा ताण, ओठाची एखादी कड. काही नव्हतं. संसारात पहिल्यांदाच निर्णय माझ्या एकटीवर येऊन पडला होता. मी त्यांचा दुसरा 'हो' घेतला.

पाणी सांडू नये म्हणून हळूहळू अंगणातून गेले. फाटकाशी सवयीने थांबले. घराबाहेर पडताना इतकी वर्षं मागून काही ना काही यायचंच, ही साडी कशाला, ही छत्री कशाला, या वाटेने कशाला. मी थोडा वेळ वाट पाहिली. मागून 'छे!' आलं नाही. मग मी फाटकाची कडी लावली आणि बाजाराकडे निघाले.